एक झाड, तीन कविता: वर्गात कवितासंग्रह कसा उलगडावा

नववी-दहावीच्या मुलांपुढे कवितांचा संग्रह ठेवला की आपण शिक्षक बहुधा पहिल्याच तासाला फळ्यावर 'निसर्ग', 'श्रम', 'भक्ती', 'देशप्रेम' असे रकाने आखतो आणि कोणती कविता कोणत्या रकान्यात बसते ते विचारतो. जळगाव जिल्ह्यातील एका खेड्यातल्या शाळेत मीही पहिली काही वर्षे हेच करीत असे. मुले दहा मिनिटांत साऱ्या कवितांची वाटणी करून मोकळी होत आणि पुस्तक मिटून ठेवीत, कारण त्यात शोधण्यासारखे काही उरलेलेच नसे. 'निसर्ग' हा कवितेचा विषय असतो. त्या विषयाबद्दल कवितेला जे म्हणायचे असते ते आशयसूत्र, आणि ते एका शब्दात मावत नाही, त्यासाठी पूर्ण वाक्य लागते. पुढे दिलेली पद्धत या एवढ्याच भेदावर उभी आहे.

पाठ्यपुस्तकातील कविता वर्षभर सुट्या सुट्या येतात, म्हणून आधी बारा ते पंधरा कवितांची एक झेरॉक्स पुस्तिका करून घ्यावी. तीत निरनिराळे काळ आणि निरनिराळ्या बोली याव्यात, आणि कविता आखूड असाव्यात. कवींची माहिती पुस्तिकेत देऊ नये. तिची वेळ नंतर येते. पहिला तास केवळ मोठ्याने वाचण्यात घालवावा आणि अर्थ विचारू नये.

दुसऱ्या तासाला वर्गाचे चार-पाच गट करावेत आणि प्रत्येक गटाला डोळ्यांना दिसणारी एकेक वस्तू द्यावी: पाणी, वाट, पक्षी, झाड, चूल. कल्पना मुळीच देऊ नये. आपली वस्तू कोणकोणत्या कवितेत आली आहे, ती तिथे काय करते आणि तिच्याजवळ माणूस आहे की नाही, एवढेच गटाने टिपावे. तिसरा प्रश्न साधा दिसतो, पण पुढचे बरेचसे काम तोच करतो.

झाडाचा धागा सविस्तर पाहू. माझ्या पुस्तिकेत तो तीन ठिकाणी येतो. तुकोबा म्हणतात, 'वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें', म्हणजे झाड हे नात्यातले आहे. बालकवींच्या 'औदुंबर'मध्ये चार घरांचे गाव, शेतमळे आणि पायवाट असूनही माणूस एकही दिसत नाही. माणसासारखे बसलेले आहे ते झाडच, 'पाय टाकुनी जळांत'. बहिणाबाईंच्या कवितेत सुगरणीने पिलासाठी 'झोका झाडाले टांगला' आहे. तिथे झाड हे घराचे आढे झाले आहे, आणि कविता अखेरीस माणसाकडे वळून त्याला सुनावते: 'तुले देले रे देवानं दोन हात दहा बोटं'. तिन्ही कविता 'निसर्ग' या एकाच रकान्यात गेल्या असत्या तर हा फरक कोणाच्याच नजरेला पडला नसता.

'औदुंबर' अवघ्या आठ ओळींची कविता आहे, त्यामुळे तिच्यातील रंगांचे शब्द मुलांना क्रमाने अधोरेखित करायला लावावेत. हिरवाळी, निळासांवळा, हिरवी, पांढरी, पुन्हा हिरव्या, मग काळ्या आणि शेवटी काळिमा. हा प्रवास मुलांनी स्वतः बोट ठेवून केला की त्यावर भाष्य करण्याची गरज राहत नाही. 'गोड काळिमा' या शब्दांपाशी मात्र थांबावे, आणि 'बसला असला औदुंबर' यातील 'असला' म्हणजे 'अशा प्रकारचा' की 'बसला असावा' हा वाद वर्गात होऊ द्यावा. तो मिटवण्याची घाई शिक्षकाने करू नये. याच कवितेतला 'पैल' हा शब्द ज्ञानेश्वरांच्या 'पैल तो गे काऊ कोकताहे' या ओळीशी जोडता येतो. गिरणेच्या किंवा तापीच्या काठच्या मुलांना पैलतीर समजावून सांगावा लागत नाही; दोन्ही कवितांमध्ये तिथून काय येते आणि तिकडे काय जाते, एवढेच विचारावे.

चौथ्या तासाला भिंतीवर मोठा खाकी कागद लावून त्यावर कवितांची नावे लिहावीत आणि नावांमधून रंगीत दोरे ओढावेत. दोरा लावायचा तर त्यावर एक चिठ्ठी अडकवलीच पाहिजे आणि तिच्यावरील वाक्यात 'पण' हा शब्द आलाच पाहिजे, हा नियम न चुकता पाळावा. 'दोन्ही कवितांत झाड आहे' ही चिठ्ठी परत करावी. 'तुकोबा आणि औदुंबर दोघेही एकांतात आहेत, पण तुकोबांना तिथे सोबत मिळते आणि औदुंबराला कोणीच मिळत नाही' ही चिठ्ठी स्वीकारावी, कारण आशयसूत्राचे वाक्य याच 'पण'च्या अलीकडे-पलीकडे सापडते.

कवींचे चरित्र यानंतरच सांगावे. बालकवी 1890 साली धरणगावला जन्मले आणि 5 मे 1918 रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात, वयाची अठ्ठावीस वर्षेही पूर्ण होण्याआधी, गेले. जळगाव-भुसावळ प्रवासात ते स्थानक आमच्या मुलांच्या डोळ्यांखालून जाते, त्यामुळे ही हकिकत आधी सांगितली तर 'औदुंबर'मधल्या काळ्या डोहात त्यांना मृत्यूशिवाय दुसरे काहीच दिसत नाही. बहिणाबाई 1880 सालच्या, आसोद्याच्या. म्हणजे बालकवींहून दहा वर्षांनी मोठ्या. त्यांना लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी इतरांनी टिपून घेतली आणि ती त्यांच्या निधनानंतर, 1952 साली, पुस्तकरूपाने आली. एकाच मुलखातील या दोघांपैकी एकाच्या चित्रातून माणूस नाहीसा होतो आणि दुसरीच्या ओळीओळीत तो राबत असतो, ही तुलना मुले आवडीने करतात.

येथे बोलीचा प्रश्न हमखास येतो. बहिणाबाईंची भाषा अहिराणी आहे असे पुष्कळांना वाटते, पण ती लेवा गणबोली, म्हणजे जळगाव परिसरातल्या लेवा पाटीदार समाजाची बोली, आहे. 'तंव्हा मियते भाकर' या ओळीत 'मिळते'चे 'मियते' झालेले ऐकून घरी बोली बोलणारी मुले प्रथम हसतात आणि मग मोठ्या आवाजात वाचू लागतात. त्याच दिवशी घरच्या आजीकडून जात्यावरची एक ओवी किंवा कानबाई या खानदेशातल्या देवीच्या सणाचे एखादे गाणे उतरवून आणायला सांगावे आणि ते हाताने लिहून पुस्तिकेत जोडावे. सगळ्यांनीच आणावे असा आग्रह धरू नये. कापूस वेचणीच्या दिवसांत तर तो अजिबात धरू नये.

परीक्षेची काळजी असणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की रसग्रहणाच्या उत्तरात आशयसौंदर्याचा जो भाग मुलांना कोरडा वाटतो, त्यात खाकी कागदावरची चिठ्ठी जवळजवळ जशीच्या तशी कामी येते.

शेवटच्या तासाला प्रत्येकाने पुस्तिकेची अनुक्रमणिका स्वतःच्या क्रमाने नव्याने लिहावी आणि कोणत्याही एका ठिकाणी, ही कविता त्या कवितेशेजारी का ठेवली, ते पाच-सहा वाक्यांत मांडावे. साऱ्या वह्या गोळा होईपर्यंत शिक्षकाने स्वतःचा क्रम फळ्यावर लिहू नये. गेल्या वर्षी एका मुलीने 'औदुंबर'च्या लगेच नंतर आजीची ओवी ठेवली होती आणि कारण लिहिले होते: 'त्या गावातल्या चार घरांत कोणीतरी दळत असेल, पण ते कवीला ऐकू आले नसेल.'