इंग्लंडमधील कोपऱ्यावरच्या दुकानाला मद्यविक्रीचा परवाना: अर्जापासून गल्ल्यापर्यंत

इंग्लंडमध्ये एखादे छोटे किराणा दुकान चालवायला घेतले, की वर्तमानपत्रे, दूध, पाव आणि लॉटरीची तिकिटे यांच्या जोडीला बियर-वाइन ठेवावी का, हा प्रश्न लवकरच समोर येतो. कारण संध्याकाळी येणारे गिऱ्हाईक या वस्तू एकाच फेरीत घेऊ पाहते आणि त्या मिळाल्या नाहीत तर पुढच्या दुकानात जाते. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाच्या डोक्यात मद्यविक्री म्हटले की राज्य उत्पादन शुल्क विभाग, जिल्हाधिकारी, ड्राय डे आणि गिऱ्हाइकाच्या खिशातला पिण्याचा परवाना असे चित्र असते. इथे यातले काही नाही. परवाना स्थानिक कौन्सिल देते, ड्राय डे नसतो, आणि पिणाऱ्याला परवाना लागत नाही. विकणाऱ्यावर मात्र जबाबदारी पुरेपूर असते. पुढील माहिती इंग्लंड आणि वेल्स यांना लागू असलेल्या २००३ च्या लायसन्सिंग अॅक्टची आहे. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड यांचे कायदे वेगळे आहेत, त्यामुळे ग्लासगोत दुकान घेणाऱ्याने यावर विसंबू नये.

दोन परवाने, एक जबाबदार माणूस

कायद्याला दोन वेगवेगळे परवाने अभिप्रेत आहेत आणि नव्या दुकानदाराचा पहिला गोंधळ इथेच होतो. ‘प्रिमाइसेस लायसन्स’ जागेचा असतो आणि ‘पर्सनल लायसन्स’ माणसाचा. मद्य विकणाऱ्या प्रत्येक दुकानासाठी एक ‘डेझिग्नेटेड प्रिमाइसेस सुपरवायझर’, म्हणजे बोलीभाषेतला डीपीएस, नेमावा लागतो आणि त्याच्याकडे पर्सनल लायसन्स असणे सक्तीचे आहे. छोट्या दुकानात मालक स्वतःच डीपीएस होतो, आणि तेच बरे, कारण पोलिसांचा फोन आला की उत्तर द्यायला तोच लागतो.

पर्सनल लायसन्ससाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. त्यासाठीचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम साधारणपणे एका दिवसात उरकतो आणि शेवटी बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा असते. त्यानंतर गुन्हेगारी नोंदींचा दाखला काढावा लागतो. तो अर्जाच्या वेळी एका महिन्यापेक्षा जुना चालत नाही, म्हणून परीक्षा उत्तीर्ण होण्याआधीच तो मागवून ठेवण्याची घाई करू नये. अर्ज आपण राहतो त्या भागातील कौन्सिलकडे करायचा, दुकान जिथे आहे तिथल्या नव्हे. शुल्क ३७ पौंड आहे, आणि २०१५ पासून या परवान्याला नूतनीकरण लागत नाही. एप्रिल २०१७ पासून दोन्ही परवान्यांसाठी अर्जदार व्यक्तीला ब्रिटनमध्ये काम करण्याचा हक्क असल्याचा पुरावा द्यावा लागतो. विद्यार्थी व्हिसावर स्वतःचा व्यवसाय करता येत नाही, हे ध्यानात न घेता कुणा भाच्याच्या नावावर दुकान घेण्याचा बेत करू नये.

अर्ज करण्यापूर्वी तीन गोष्टी तपासून घ्याव्यात. भाडेकरारात मद्यविक्रीला मनाई आहे का, हे प्रथम पाहावे. दुसरे, नियोजन खात्याच्या परवानगीत दुकान किती वाजेपर्यंत उघडे ठेवता येते, ते पाहावे. हे खाते परवाना खात्यापासून स्वतंत्र आहे आणि एकाची मंजुरी दुसऱ्यावर बंधनकारक नसते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे कौन्सिलचे परवानाविषयक धोरण. काही कौन्सिलांनी ज्या गल्ल्यांत मद्याची दुकाने आधीच दाटली आहेत, तिथे ‘क्युम्युलेटिव्ह इम्पॅक्ट’चे, म्हणजे अनेक दुकानांच्या एकत्रित परिणामाचे, क्षेत्र जाहीर केलेले असते. अशा भागात हरकत आली, तर आपल्या दुकानामुळे आधीच्या त्रासात भर पडणार नाही, हे दाखवण्याचे ओझे अर्जदारावर येते. तो भाग असेल तर दुकानाची पागडी मोजण्याआधीच ते कळलेले बरे.

अर्जातला खरा मजकूर

अर्जाचा फॉर्म लांबलचक असला, तरी दुकानासाठी त्यातली बरीच पाने रिकामीच राहतात, कारण ती नाटक, सिनेमा, नाचगाणे यांसाठी आहेत. आपल्याला हवी असते ती ‘ऑफ सेल्स’ची, म्हणजे बाहेर नेऊन पिण्यासाठीच्या विक्रीची परवानगी. सोबत दुकानाचा आराखडा जोडावा लागतो. तो वास्तुविशारदाकडूनच काढून घ्यावा असे बंधन नाही. पण दुकानाच्या हद्दी, येण्याजाण्याची दारे, मद्य ठेवण्याची जागा, पायऱ्या आणि आग विझवण्याची साधने त्यात स्पष्ट दिसली पाहिजेत. अर्जाचे शुल्क जागेच्या करयोग्य मूल्यावर ठरते: ४,३०० पौंडांपर्यंत १०० पौंड, आणि त्यावर ३३,००० पर्यंत १९० पौंड. बहुतेक छोटी दुकाने या दोन गटांतच बसतात. पुढे दरवर्षी अनुक्रमे ७० आणि १८० पौंड भरावे लागतात.

वेळेबाबत उगाच भिडस्त राहण्याचे कारण नाही. दुकान ज्या वेळात उघडे असते त्या वेळात मद्य विकू द्यावे, असाच सरकारी मार्गदर्शनाचा सर्वसाधारण कल आहे, मात्र तसे न करण्याचे सबळ कारण नसावे. तरीही रात्री ११ नंतरची वेळ मागायची असेल, तर त्या वेळी गल्ल्यावर कोण बसणार आणि तो एकटाच असणार का, हे आधी ठरवावे.

आता ज्या भागावर अर्ज तरतो किंवा बुडतो, तो भाग. त्याला ‘ऑपरेटिंग शेड्यूल’ म्हणतात. कायद्याची चार उद्दिष्टे आहेत: गुन्हे व बेबंदशाही रोखणे, सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव टाळणे आणि मुलांना इजा होण्यापासून वाचवणे. या प्रत्येकासाठी आपण काय करणार, ते इथे लिहायचे असते. इथे लिहिलेली वाक्ये केवळ हमी म्हणून राहत नाहीत. परवाना मिळताच ती त्याच्या अटी होतात. अट मोडून केलेली विक्री हा परवान्याबाहेरच्या विक्रीसारखाच गुन्हा ठरू शकतो आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, अमर्याद दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

म्हणून अर्ज भरून देणाऱ्या काही सल्लागारांचा तयार मसुदा डोळे झाकून चिकटवू नये. त्यात हटकून असे एखादे वाक्य असते: ‘दुकानात उच्च दर्जाची सीसीटीव्ही यंत्रणा सदैव कार्यरत राहील आणि प्रत्येक कोपरा चित्रित केला जाईल.’ हे वाचायला भारदस्त वाटते. पण एक कॅमेरा दुपारी बंद पडला, की त्या क्षणापासून आपण अटीचा भंग करत असतो. त्याऐवजी, ‘प्रवेशद्वार, गल्ला आणि मद्याची मांडणी यांवर कॅमेरे असतील, चित्रण ३१ दिवस जपले जाईल, ते पोलिसांनी किंवा कौन्सिलने मागितल्यावर उपलब्ध करून दिले जाईल, आणि बिघाड झाल्यास त्याची नोंद करून दुरुस्ती शक्य तितक्या लवकर केली जाईल,’ असे लिहिले तर ते पाळता येते. तीच गोष्ट ‘सर्व कर्मचाऱ्यांना नियमित प्रशिक्षण दिले जाईल’ या वाक्याची. नियमित म्हणजे केव्हा, आणि दिल्याचा पुरावा कोणता? ‘कामावर रुजू होताना आणि नंतर दर सहा महिन्यांनी प्रशिक्षण देऊन त्याची सहीसह नोंद ठेवली जाईल’ हे ठाम आहे आणि छोट्या दुकानाला झेपणारेही आहे. ज्या गल्लीत दिवसाढवळ्या बाकावर बसून पिणाऱ्यांचा त्रास आहे, तिथे ६.५ टक्क्यांहून तीव्र बियर आणि सायडर (सफरचंदाचे मद्य) विकणार नाही, किंवा सुटे डबे विकणार नाही, असे आपणहून लिहिले तर पोलिसांची हरकत येण्याआधीच तिचे बळ जाते. पण ती तक्रार तिथे नसेल, तर अशी अट स्वतःच्या गळ्यात बांधून घेण्याचे काहीच कारण नाही. अर्ज पाठवण्यापूर्वी पोलिसांच्या परवाना अधिकाऱ्याला मसुदा दाखवून त्याचे मत घ्यावे. बहुतेक मतभेद तिथेच मिटतात.

अर्ज दिल्याच्या दुसऱ्या दिवसापासून २८ दिवस दुकानाच्या दर्शनी भागावर फिकट निळ्या कागदावरची सूचना लावावी लागते. ती किमान ए-४ आकाराची आणि छापील असल्यास किमान १६ पॉइंटच्या काळ्या अक्षरांत असावी. पहिल्या दहा कामकाजाच्या दिवसांत स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरातही द्यावी लागते. कागद फाटला, उन्हाने पांढरा पडला किंवा कुणी काढून नेला, तर मुदत पुन्हा मोजण्याची वेळ येऊ शकते, म्हणून तो काचेच्या आतल्या बाजूने लावावा आणि अधूनमधून त्याचा तारखेसह फोटो काढून ठेवावा. या मुदतीत शेजारी, पोलीस, ट्रेडिंग स्टँडर्ड्स (ग्राहक-संरक्षण आणि व्यापारनियम पाहणारे स्थानिक खाते), अग्निशमन दल वगैरे हरकत घेऊ शकतात. एकही हरकत आली नाही, तर कौन्सिलला मागितल्याप्रमाणे परवाना द्यावाच लागतो. हरकत आली आणि ती मिटली नाही, तर मुदत संपल्यापासून २० कामकाजाच्या दिवसांत सुनावणी होते, आणि तिथल्या निर्णयावर २१ दिवसांत मॅजिस्ट्रेट कोर्टात अपील करता येते.

महाराष्ट्रात गावातल्या बायका ‘आडवी बाटली’ला मत देऊन दुकान बंद करू शकतात, इथे तसे मतदान नाही. हरकत चार उद्दिष्टांपैकी एखाद्याशी संबंधित असावी लागते. ‘या रस्त्यावर आणखी एका दुकानाची गरज नाही’ किंवा ‘दारू वाईट आहे’ ही कारणे विचारात घेतली जात नाहीत. पण ज्या शेजारणीने रात्रीच्या गोंगाटाबद्दल लिहिले आहे, तिच्या दारी सुनावणीपूर्वी जाऊन बोलावे. ‘रात्री १० नंतर कचऱ्याचे डबे हलवणार नाही’ एवढ्या एका कबुलीवर हरकत मागे घेतली जाऊ शकते, आणि पुढची अनेक वर्षे तीच बाई आपली शेजारीण राहणार असते.

गल्ल्यावर

परवाना हाती आल्यावर त्याचा सारांश दुकानात दर्शनी ठिकाणी लावावा आणि प्रमाणित प्रत दुकानातच ठेवावी. खरा कस लागतो तो वय तपासण्यात. कायद्याने मर्यादा १८ आहे, पण दुकानांनी ‘चॅलेंज २५’ ही पद्धत धरली आहे: पंचविशीच्या आतला वाटणाऱ्या प्रत्येकाकडे ओळखपत्र मागायचे. यामागचा हिशेब सरळ आहे. सतरा आणि एकोणीस वर्षांतला फरक चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. पंचवीस धरले, की चूक झाली तरी ती बहुधा कायद्याच्या अलीकडेच राहते. ओळखपत्रावर फोटो, जन्मतारीख आणि होलोग्राम किंवा अतिनील खूण असली पाहिजे. पासपोर्ट, फोटोचे ड्रायव्हिंग लायसन्स आणि ‘पास’ चिन्हाचे (वयाचा पुरावा म्हणून मान्य असलेले) कार्ड चालते. मोबाइलमध्ये काढलेला पासपोर्टचा फोटो चालत नाही, मुलगा कितीही ओळखीचा असला तरी.

गिऱ्हाइकाला नाही म्हणणे आपल्या लोकांना जड जाते, विशेषतः तो रोज ‘अंकल’ म्हणून हाक मारणारा असेल तर. म्हणून नकाराचे वाक्य ठरवून ठेवावे: ‘माफ करा, ओळखपत्राशिवाय मला विकता येत नाही.’ खुलासा नको, वाद नको. त्यानंतर लगेच नकारवहीत एक ओळ लिहावी: शुक्रवार, रात्री ८.४०, सायडरचे चार डबे, निळे जाकीट घातलेला तरुण, ओळखपत्र नाही, विक्री नाकारली, सही. ट्रेडिंग स्टँडर्ड्सचा माणूस आला, की बहुधा हीच वही आधी मागतो, आणि महिनोन्‌महिने कोरी असलेली वही भरलेल्या वहीपेक्षा जास्त संशय निर्माण करते. अल्पवयीन मुलांना पाठवून केलेल्या चाचणी खरेदीत विक्री झाली, तर गल्ल्यावरच्या माणसाला जागच्या जागी ९० पौंडांचा दंड होऊ शकतो. तीन महिन्यांत दोनदा झाली, तर परवानाधारकावरच खटला येतो आणि न्यायालय तीन महिन्यांपर्यंत मद्यविक्री बंद ठेवू शकते.

मोठा माणूस बाहेर उभ्या मुलांसाठी घेत असल्याचे दिसले, तर नकार द्यावा. आधीच प्यायलेल्या माणसाला विकणे हाही गुन्हा आहे. तो रोजचे गिऱ्हाईक असल्याने त्यात फरक पडत नाही. घरच्या दुकानांत आणखी एक प्रसंग नेहमीचा असतो: शाळेतून आलेली पंधरा-सोळा वर्षांची मुलगी गल्ल्यावर बसते. तिने मद्य विकायचे असेल, तर प्रत्येक विक्रीला जबाबदार प्रौढाने त्याच वेळी स्पष्ट मान्यता द्यावी लागते. ‘मी मागे गोदामात होतो’ हे उत्तर चालणार नाही.

माल घेताना घाऊक विक्रेत्याचा सरकारी नोंदणी क्रमांक तपासून बिल जपून ठेवावे. व्हॅनमधून स्वस्तात मिळणाऱ्या व्होडकाच्या पेटीने दुकान बंद पडू शकते. इथे बाटलीवर एमआरपी नसते, त्यामुळे किंमत आपण ठरवतो. पण मे २०१४ पासून मद्य शुल्क आणि त्यावरचा व्हॅट यांच्या बेरजेपेक्षा कमी भावाने विकता येत नाही. वेल्समध्ये मार्च २०२० पासून मद्यार्काच्या प्रति युनिट (ठरावीक मापाला) किमान किंमतही ठरलेली आहे, ती वेगळी पाहावी लागते.

वार्षिक शुल्क थकले, तर परवाना स्थगित होतो. लग्नाकार्याला किंवा गणपतीला भारतात जायचे असेल, तर डीपीएसने सतत दुकानात हजर असलेच पाहिजे असे नाही. मात्र विक्रीसाठी कोणाला अधिकार दिला आहे, हे नावनिशीवार लेखी असावे आणि डीपीएसशी संपर्क होत राहावा. मुक्काम महिनोन्‌महिने लांबणार असेल, तर दुसऱ्या पर्सनल लायसन्सधारकाची संमती घेऊन २३ पौंडांच्या अर्जाने डीपीएस बदलून घ्यावा, आणि तो अर्ज विमानाचे तिकीट काढण्याच्या आठवड्यातच करावा.