गुहेतली टिंबं, रेघा आणि चौकटी कशा वाचायच्या

गुहाचित्रं म्हटलं की बैल, घोडे, हरणं आठवतात. पण युरोपातल्या बऱ्याच अश्मयुगीन गुहांत प्राण्यांपेक्षा भौमितिक खुणाच जास्त सापडतात. संशोधक जिनिव्हीव्ह फॉन पेट्झिंगर यांनी ५२ गुहांमध्ये जाऊन नोंदी केल्या, तेव्हा सुमारे तीस हजार वर्षांच्या काळातून जेमतेम ३२ प्रकार निघाले. मनाला येईल तशा रेघोट्या ओढल्या असत्या तर प्रकार शेकड्यांनी निघाले असते. म्हणजे या खुणांना अर्थ होता. मात्र तो शोधायचं काम सगळ्यात शेवटी करायचं. आधी नोंद.

खूण माणसाचीच आहे ना, हे पहिलं ठरवा. गुहेतल्या अस्वलांनी भिंतींवर नखं ओढलेली असतात आणि नवख्याला त्या रेघा कोरीवकाम वाटतात. नखांच्या रेघांमधलं अंतर जवळपास सारखं राहतं आणि त्या सगळ्या एकदमच वळतात. गारेच्या हत्याराने काढलेल्या रेघा एकेक करून ओढलेल्या असतात, त्यामुळे त्यांची सुरुवात, खोली आणि दिशा थोडीथोडी बदलते, एखादी दुसरीला छेदूनही जाते. मऊ भिंतीवर बोटांनी ओढलेल्या रेघा रुंद आणि गोल तळाच्या असतात. फ्रान्समधल्या रूफिन्याकच्या गुहेत त्या भरपूर आहेत. लाल डागांच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी. पाण्याबरोबर झिरपलेलं लोह भेगेच्या कडेने खाली पसरत जातं आणि त्याची कड विरते. दगडावर फांद्यांसारखी काळी नक्षी दिसली तर ती बहुधा मँगनीजची असते.

ठिपका दहापट भिंगातून पाहा. बोटाने टेकवलेला ठिपका बोटाच्या टोकाएवढाच असतो. फुंकून उडवलेला रंग मोठा गोल करतो आणि त्याच्या कडेला बारीक तुषार दिसतात. स्पेनमधल्या एल कास्तियो गुहेतल्या लाल चकत्या अशा फुंकलेल्या आहेत.

फोटो तीन टप्प्यांत घ्या: पूर्ण भिंत, मग तो भाग, मग एकटी खूण, कॅमेरा भिंतीला अगदी समांतर ठेवून. फोटोच्या चौकटीत १० सेंटिमीटरची रंगपट्टी हवीच, पण ती चित्रावर टेकवायची नाही. फाइल रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने टिपली तशी, न दाबता ठेवा. कोरीव रेघांसाठी प्रकाश बाजूने, भिंतीला घासून जाईल असा टाका, आणि एकाच बाजूने टाकून थांबू नका. रेघ प्रकाशाच्या दिशेतच असेल तर तिची सावली पडत नाही आणि ती फोटोतून गायब होते. डावी, उजवी, वर, खाली असे चार फोटो काढले की ही चूक टळते. रेघा उठून दिसाव्यात म्हणून खडू फिरवणं किंवा भिंत ओली करणं पूर्वी सर्रास चालायचं. पाण्याने दगडातले क्षार वर येतात आणि चित्रावर पांढरा पापुद्रा धरतो.

पुसट झालेल्या रंगासाठी जॉन हार्मन यांचं डीस्ट्रेच वापरा; फोटोतले फिके रंग ते भडक करून दाखवतं. ते इमेजजे या मोफत प्रोग्रॅममध्ये चालतं. लाल रंगाला एलआरई किंवा वायआरई, पिवळ्याला एलवायई, काळ्याला वायबीके या त्यातल्या सेटिंगने सुरुवात करा. तीव्रता वाढवत नेली की लोहाचे नैसर्गिक डागही गेरूसारखे झळकतात, आणि जेपेग फोटोतले दाबलेले चौकोन जाळीची नक्षी असल्यासारखे दिसू लागतात. या जाळीने भल्याभल्यांना चकवलं आहे. म्हणून डीस्ट्रेचमध्ये दिसलेली प्रत्येक रेघ मूळ फोटोत आणि भिंतीवर पुन्हा शोधायची. सापडली नाही तर ‘शंकास्पद’ लिहायचं.

आता नोंदीचा तक्ता: प्रकार, लांबी-रुंदी, रंग, काढण्याची पद्धत, जमिनीपासूनची उंची, शेजारी काय आहे, कशाच्या वर किंवा खाली आहे, गुहेत कुठे आहे. प्रकाराला नाव देताना आकारच सांगा. ‘झोपडी’ लिहिलं की अर्थ ठरवून टाकला. ‘छपरासारखी, मधली रेघ उभी’ लिहिलं तर पुढे विचार करायला जागा राहते. प्राण्याच्या अंगात भरलेल्या रेघा-जाळ्या स्वतंत्र खूण म्हणून मोजू नका. विष्णु श्रीधर वाकणकरांनी १९५७ मध्ये उजेडात आणलेल्या भीमबेटका इथे असे भरीव प्राणी आहेत, आणि तिथे ही गल्लत सहज होते.

जागेचा रकाना सगळ्यात बोलका. फ्रान्समधल्या नियो गुहेत बरंच आत गेल्यावर वाट फुटते, आणि त्या फाट्यावर प्राण्यांऐवजी मुख्यतः टिंबं आणि रेघांचा जथा आहे. बायसन आणि घोड्यांचं प्रसिद्ध दालन त्याच्या पुढे लागतं. टिंबं वाट दाखवत होती की काही बजावत होती, यावर वाद घालता येईल. पण जागा जाणूनबुजून निवडलेली आहे.

काळ वाचताना ‘किमान’ हा शब्द गाळू नका. गेरूचं कार्बन वय काढता येत नाही, त्यात सेंद्रिय काही नसतं. कोळशाचं काढता येतं. गेरूवर चुन्याचा थर चढला असेल तर युरेनियम-थोरियम पद्धतीने त्या थराचं वय कळतं; खूण त्याच्या खाली, म्हणजे किमान तेवढी जुनी. एल कास्तियोतली एक चकती अशी किमान ४०,८०० वर्षांची ठरली. स्पेनमधल्याच ला पासिएगा गुहेतल्या शिडीसारख्या खुणेला २०१८ मध्ये ६४,००० वर्षांपलीकडचं वय दिलं गेलं आणि वाद पेटला. थरातलं युरेनियम पाण्याने धुऊन गेलं असेल तर वय आहे त्याहून जास्त येतं.

मग अर्थ. प्रत्येक मताला एकच प्रश्न विचारा: हे खोटं कशाने ठरेल? फ्रेंच पुरातत्त्वज्ञ आंद्रे लर्वा-गुराँ यांनी १९६० च्या दशकात खुणांची स्त्री आणि पुरुष अशी विभागणी केली. लांब ते पुरुष, रुंद ते स्त्री, म्हणजे बाहेर राहील असा आकारच उरत नाही. लुईस-विल्यम्स आणि डाऊसन या संशोधकांनी १९८८ मध्ये जाळ्या, टिंबं आणि नागमोडी रेघा या तंद्रीत डोळ्यांपुढे येणाऱ्या आकृत्या असल्याचं मांडलं. हे मत टिंबांना बसतं. पण छपरासारख्या खुणा फ्रान्सच्या दोर्दोन्या भागातल्या फों-द-गोम, कोंबारेल, बेर्निफाल, रूफिन्याक अशा जवळजवळच्या गुहांतच एकवटलेल्या आहेत. मेंदू तर सगळीकडे सारखाच. तिथे एखाद्या गटाची स्वतःची खूण, हे स्पष्टीकरण जास्त पटतं. टिंबं म्हणजे मोजणी होती, असं सांगणाऱ्या मतांत सगळा खेळ कोणतं टिंब धरायचं यावर असतो. फ्रान्समधल्या लास्को गुहेतल्या मोठ्या शिंगांच्या हरणाजवळ १३ टिंबांची ओळ आणि शेवटी चौकट आहे. तिच्यात अर्धा चांद्रमास पाहिला गेला आहे. तुम्ही आकडा धरण्याआधी त्याच भिंतीवरच्या बाकीच्या ओळी मोजा आणि न जुळणाऱ्याही लिहा.

कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, हाच तक्ता चालतो, साधनं बदलतात. देवीहसोळ, बारसू इथली कातळशिल्पं गुहेत नाहीत, उघड्या जांभ्यावर कोरलेली आहेत; रंगच नाही, म्हणून डीस्ट्रेचचा फारसा उपयोग नाही. सूर्योदयानंतर किंवा मावळतीआधीच्या तिरप्या उन्हात जा. भर दुपारी उथळ रेघ दिसतच नाही. कित्येक मीटर लांबीच्या चौकटी जमिनीवर उभं राहून एका फोटोत मावत नाहीत. तिथे परवानगी काढून ड्रोन लावा, किंवा दोन फोटोंत किमान ६० टक्के भाग सामाईक येईल असे ओळीने फोटो घेऊन संगणकावर जोडा.