गणिताची धास्ती घेतलेल्या मुलाची धारणा कशी बदलावी

नववी-दहावीतल्या मुलाला गणितात कमी गुण मिळाले की अनेक घरांत कुणीतरी सहज म्हणून जाते, ‘आमच्याकडे गणित कुणालाच नव्हते, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?’ बहुधा मुलाची पाठराखण करावी म्हणूनच हे बोलले जाते. मूल मात्र त्यातून एवढेच घेते की गणित जन्मतः मिळते किंवा मिळत नाही, आणि आपल्याला ते मिळालेले नाही. एकदा ही धारणा पक्की झाली की तिचा परिणाम आधी वागण्यात दिसतो आणि गुणांत नंतर. उदाहरण वाचल्याबरोबर मूल पुस्तकाच्या शेवटची उत्तरसूची उघडते, गृहपाठ मित्राच्या वहीतून उतरवून काढते, वर्गात शंका विचारायचे टाळते आणि भूमितीची प्रमेये समजून न घेता पाठ करते. सराव घटतो, म्हणून गुण घटतात, आणि ते गुण पाहून मूल म्हणते, ‘बघा, मला जमतच नाही.’

धारणा वागण्यावर कसा परिणाम करते, हे कॅरोल ड्वेक आणि क्लॉडिया म्यूलर या मानसशास्त्रज्ञांच्या १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत फार स्पष्ट दिसले. अमेरिकेतील पाचवीच्या मुलांना काही कोडी सोडवायला देऊन त्यांतील काहींना ‘तू हुशार आहेस’ असे सांगितले गेले आणि काहींना ‘तू मेहनत घेतली असशील’ असे. फरक एवढ्या एका वाक्याचा होता. पुढे अवघड कोडी देऊन अपयशाचा अनुभव दिल्यानंतर पुन्हा पहिल्याइतकीच सोपी कोडी दिली, तेव्हा हुशारीची शाबासकी मिळालेल्या मुलांची कामगिरी घसरली, तर मेहनतीची शाबासकी मिळालेल्यांची सुधारली. हुशार म्हणवल्या गेलेल्या मुलांपैकी जवळपास ४० टक्के मुलांनी इतर मुलांना आपले गुण सांगताना ते वाढवून सांगितले. अपयश म्हणजे आपल्या बुद्धीवरचा निकाल, असे वाटू लागले की मूल ते लपवू पाहते, ही गोष्ट मला यात सर्वांत गंभीर वाटते.

तरीही केवळ समजावण्यावर भिस्त ठेवू नये. अमेरिकेतच नववीच्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बुद्धी वाढवता येते हे सांगणारा एक तासाहून कमी वेळाचा ऑनलाइन पाठ दिल्यावर अभ्यासात मागे असलेल्या मुलांच्या श्रेणीत सुधारणा झाली, पण ती लहान होती, आणि ज्या शाळांत सोबतची मुले अवघड कामाला हात घालत होती तिथे ती अधिक टिकली. म्हणून पालकाने आणि शिक्षकाने आपले सारे बळ एकाच ठिकाणी लावावे, असे माझे मत आहे : चूक झाल्यानंतर मूल सर्वांत आधी काय करते, ते बदलावे.

चाचणीची उत्तरपत्रिका घरी येते तो दिवस यासाठी महत्त्वाचा असतो. त्या संध्याकाळी गुणांविषयी एकदाच बोलावे आणि विषय तिथेच थांबवावा. दुसऱ्या दिवशी मुलाशेजारी बसून उत्तरपत्रिका उघडावी, पण पेन्सिल मुलाच्या हाती असावी. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नात शेवटची बरोबर पायरी कोणती, ती त्याला शोधायला लावावी आणि तिथे खूण करायला सांगावी. समजा, ७ − (३ − ५) या उदाहरणाचे उत्तर मुलाने −१ असे लिहिले आहे आणि बरोबर उत्तर ९ आहे. कंसाआधी वजा चिन्ह असताना त्याने ३ चे चिन्ह बदलले, पण ५ चे चिन्ह तसेच ठेवून ७ − ३ − ५ असे लिहिले, एवढीच ती चूक आहे. ‘मला बीजगणित येत नाही’ हे वाक्य आता ‘कंस सोडवताना दुसऱ्या पदाचे चिन्ह बदलायचे माझ्याकडून राहते’ असे होते. पहिल्या वाक्यावर काहीही करता येत नाही, दुसऱ्यावर त्याच दिवशी दहा उदाहरणांचा सराव करता येतो.

अशा चुकांसाठी एक वेगळी वही ठेवावी. तीत मूळ उदाहरण, चूक जिथे झाली ती पायरी आणि चुकीचे कारण मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहावे, आणि आठवड्याने तेच उदाहरण वहीत न पाहता पुन्हा सोडवावे. ‘घाई झाली’ किंवा ‘लक्ष नव्हते’ ही कारणे स्वीकारू नयेत, कारण त्यांतून पुढे काय करायचे ते कळत नाही. वही नीटनेटकी असावी असा आग्रहही धरू नये. तो धरला की मूल समास आखण्यात वेळ घालवते.

अडल्यावर काय करायचे, हेही आधीच ठरवून ठेवावे. ‘असे झाले तर मी असे करीन’ या रूपात केलेला निश्चय नुसत्या निश्चयापेक्षा अधिक पाळला जातो, हे पीटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने आणि त्यानंतर अनेकांनी दाखवून दिले आहे. ‘उदाहरण अडले, तर उत्तरसूची उघडण्याआधी मी दिलेली माहिती आणि काय काढायचे आहे ते लिहीन, भूमितीचे असल्यास आकृती काढीन,’ असे एकच वाक्य वहीच्या पहिल्या पानावर असू द्यावे.

शाबासकी देताना मुलाने काय केले त्याचा उल्लेख करावा. मात्र चुकीच्याच पद्धतीने तासन्‌तास बसलेल्या मुलाला ‘मेहनत घे, होईल’ एवढेच सांगणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याला पद्धत दाखवावी लागते.

काही वेळा अडचण धारणेची नसतेच. पाचवी-सहावीतले अपूर्णांक आणि ऋण संख्या कच्च्या राहिल्या असतील, तर दहावीचे वर्गसमीकरण सुटणार नाही. अशा वेळी खालच्या इयत्तेच्या पुस्तकातून तेवढेच प्रकरण करून घ्यावे. ही पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. अंक उलटसुलट होणे, साध्या बेरजा-वजाबाक्यांतही सातत्याने अडखळणे असे वर्षानुवर्षे दिसत असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. अधिकृत प्रमाणपत्र असल्यास राज्य मंडळाच्या परीक्षेत अशा विद्यार्थ्यांना सवलती मिळतात, आणि तपासणी लांबवल्याने मुलाचेच नुकसान होते.

प्रगती तपासताना सुरुवातीला गुण पाहू नयेत, कोरे सोडलेले प्रश्न मोजावेत. दहावीला बीजगणित आणि भूमिती हे प्रत्येकी ४० गुणांचे दोन पेपर असतात आणि त्यांत पायऱ्यांनाही गुण मिळतात, त्यामुळे कोरा सोडलेला प्रश्न हा सर्वांत महागात पडणारा प्रश्न असतो. मागच्या चाचणीत पाच प्रश्न कोरे होते आणि या वेळी दोनच राहिले, तर एकूण गुण तेवढेच असले तरी मुलाचे वागणे बदलू लागले आहे, आणि हे त्याला उत्तरपत्रिका समोर ठेवून दाखवून द्यावे.