वीज पडलेल्या माणसाला पहिल्या काही मिनिटांत कशी मदत करावी

खानापूरच्या रानापासून निपाणी-चिकोडीच्या शिवारापर्यंत एप्रिल-मेमधला वळीव बहुधा दुपार कलल्यावर गाठतो, आणि त्या वेळी माणसे शेतात, गुरांमागे किंवा आडोशाला झाडाखाली असतात. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहते, म्हणून त्याला शिवू नये, ही समजूत साफ चुकीची आहे. त्याला लगेच हात लावता येतो. मात्र ढग अजून गडगडत असतील, तर त्याला उघड्यावरून आणि झाडाखालून हलवून पक्क्या घरात न्यावे, कारण वीज त्याच जागी पुन्हा पडू शकते.

अनेकजण जखमी असतील, तर निपचित पडलेल्याकडे आधी धावावे. विव्हळणारा माणूस श्वास घेत असतो आणि बहुतेक वेळा वाचतो. विजेच्या धक्क्याने थांबलेले हृदय पुष्कळदा आपोआप सुरू होते. परंतु मेंदूतील श्वसनकेंद्र सावरायला अधिक वेळ लागत असल्याने श्वास बंदच राहतो, आणि प्राणवायूअभावी हृदय दुसऱ्यांदा थांबते. हा दुसरा घात कृत्रिम श्वासाने टाळता येतो. एकाने 108 ला फोन लावावा आणि दुसऱ्याने छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 या गतीने, प्रौढास सुमारे 5 सेंटिमीटर खोल दाब द्यावेत. दर 30 दाबांनंतर तोंडाने 2 श्वास द्यावेत. डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या दिसल्या म्हणून माणूस गेला असे समजून थांबू नये.

शेणात किंवा मातीत पुरून ठेवण्याचा उपाय अजूनही कोणीतरी सुचवतोच. त्याने काहीही साधत नाही, आणि श्वास देण्याची वेळ मात्र हातची जाते.

पाय लुळे, गार आणि निळसर पडले, तरी ते बहुधा काही तासांत पूर्ववत होतात. तथापि माणूस फेकला गेला असल्यास मान व पाठीचा कणा न वाकवता त्याला हलवावे. कातडीवर नेच्याच्या पानासारखी तांबूस नक्षी उमटली, तर ती भाजल्याची जखम नसते आणि एक-दोन दिवसांत पुसट होते.

माणूस उठून चालू लागला, तरी त्याला दवाखान्यात नेऊन हृदयाचा ईसीजी काढावा आणि कानांचे पडदे तपासून घ्यावेत. गर्भवती असल्यास बाळाचीही तपासणी आवश्यक आहे. डोळ्यांत मोतीबिंदू काही महिन्यांनीही होऊ शकतो, तसेच विसराळूपणा, झोप न लागणे आणि चिडचिड दीर्घकाळ टिकू शकते, त्यामुळे अशा तक्रारी सांगताना वीज पडल्याची घटना डॉक्टरांना आवर्जून सांगावी.