स्पोर्ट्स कारला कार्बन सिरॅमिक ब्रेक बसवताय? कोकणात या चुका टाळा

कार्बन सिरॅमिकची डिस्क गंजत नाही, हे खरं आहे. पण तिला धरून ठेवणारे बोल्ट, पॅडच्या (डिस्कला दाबून धरणाऱ्या तुकड्यांच्या) मागची लोखंडी पट्टी, हब (डिस्क आणि चाक ज्यावर बसतात तो भाग), कॅलिपरमधल्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातल्या) पिना आणि स्प्रिंगा हे सगळं गंजतं, आणि समुद्राकाठी ते घाटावरच्यापेक्षा फार लवकर गंजतं. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत ज्यांनी असे ब्रेक बसवले आहेत किंवा बसवायचं मनात आहे, त्यांच्या बहुतेक अडचणींचं मूळ डिस्कमध्ये नसतंच. डिस्कला नेहमीच्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) डिस्कसारखं वागवलं जातं, किंवा एवढी महागाची वस्तू बसवली म्हणजे आता बाकी काही बघायला नको असं धरून चाललं जातं. या दोन समजुतींतून पुढचं सगळं सुरू होतं.

गरज न ओळखता पैसे घालणं

आधी नावाचा घोळ मिटवू. बाजारात ‘सिरॅमिक ब्रेक’ म्हणून जे स्वस्तात मिळतं, ते बहुतेक वेळा सिरॅमिक मिश्रणाचे पॅड असतात. ते बिडाच्या डिस्कवरच चालतात. धूळ कमी, आवाज कमी, एवढाच त्यांचा फायदा. कार्बन सिरॅमिक डिस्क म्हणजे कार्बनच्या तंतूंचा साचा करून त्यात वितळलेलं सिलिकॉन मुरवून तयार केलेली डिस्क. पोर्शने २००१ मध्ये ती ९११ जीटी२ ला मुळातूनच दिली, तेव्हापासून रस्त्यावरच्या गाड्यांत ती रुळत गेली. फॉर्म्युला वनच्या गाड्यांत असते ती कार्बन-कार्बन डिस्क, ती वेगळी. ती तापल्याशिवाय नीट धरत नाही. रस्त्यासाठीची सिरॅमिक डिस्क थंड असतानाही धरते.

आता फायद्याचं. तेवढ्याच आकाराच्या बिडाच्या डिस्कपेक्षा ही साधारण निम्म्या वजनाची असते. चाकाबरोबर वरखाली होणारं वजन उतरल्यामुळे गाडी खड्ड्यांवर आणि वळणांवर हलकी वाटते. चाकावर काळी भुकटी बसत नाही. तापली तरी पकड टिकते. पण एक गोष्ट होत नाही, आणि तीच लोकांना हवी असते: पहिल्याच जोरदार ब्रेकला गाडी आधीपेक्षा कमी अंतरात थांबत नाही. ब्रेक दाबल्यावर एबीएस (चाक जागीच अडकू न देणारी यंत्रणा) काम करायला लागत असेल, तर तुमचे ब्रेक आत्ताच टायरच्या पकडीपेक्षा जास्त ताकदीचे आहेत. थांबण्याचं अंतर कमी करायचं असेल तर पैसे टायरमध्ये घाला.

घाटाचं काय, असं कुणीही विचारेल. हिशोब करून बघू. ६०० मीटर उंचीचा घाट उतरताना गाडीला जेवढी ऊर्जा सोडावी लागते, ती ताशी १०० किलोमीटरवरून सुमारे १५ वेळा पूर्ण थांबण्याएवढी भरते. गाडीचं वजन काहीही असो, हे प्रमाण बदलत नाही. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे, म्हणजे सावंतवाडीकडे उतरताना जवळपास एवढंच काम पडतं. यातला बराच वाटा इंजिन आणि हवा उचलतात, पण गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तरच. ऑटोमॅटिक गाडी डी मध्येच ठेवून आणि ब्रेकवर पाय ठेवून जो आंबोली उतरतो, त्याला सिरॅमिक डिस्क वाचवेल, पण ब्रेक ऑइल वाचेलच असं नाही. सवय सुधारली तर त्याच घाटाला चांगले पॅड, ताजं ब्रेक ऑइल आणि बिडाची डिस्क पुरते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. घाटासाठी म्हणून कार्बन सिरॅमिक घेऊ नका. ज्यांची गाडी समुद्राकाठी महिनोन्महिने उभी राहते, दर वेळी बिडाच्या डिस्कवर गंजाचे खड्डे पडतात आणि पॅडचा ठसा उमटतो, अशांची गरज जास्त खरी आहे. मधला मार्गही आहे. बिडाच्या डिस्कवर टंगस्टन कार्बाइडचा कठीण थर दिलेल्या डिस्क पोर्शनेच २०१७ मध्ये कायेनबरोबर आणल्या. त्या कमी गंजतात, भुकटी कमी करतात आणि सिरॅमिकपेक्षा स्वस्त पडतात. तुमच्या गाडीला तसा पर्याय असेल तर आधी तो बघा.

किट निवडताना

फक्त पुढच्या दोन डिस्क बदलून पैसे वाचवण्याचा मोह होतो. पुढच्या आणि मागच्या ब्रेकचा तोल कंपनीने एबीएस आणि स्थिरता यंत्रणेसकट जुळवलेला असतो. पुढची डिस्क आणि कॅलिपर मोठे केले, मागचं तसंच ठेवलं, की तो तोल सरकतो. ओल्या रस्त्यावर हे पटकन जाणवतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर रस्ता ओलाच असतो. त्याच मॉडेलला कंपनीने सिरॅमिकचा पर्याय दिला असेल तर पूर्ण संच त्याच प्रमाणाचा घ्या: डिस्क, कॅलिपर, पॅड, सेन्सर, आणि लागत असेल तर संगणकातलं कोडिंगही.

डिस्क मोठी झाली की चाकही तेवढं लागतं. कॅलिपर आणि रिमच्या आतली जागा मोजा. रिमच्या आत चिकटवलेलं बॅलन्सिंगचं वजन कॅलिपरला घासतं, हे बसवल्यानंतर लक्षात येऊन उपयोग नाही. बऱ्याच गाड्यांत हँडब्रेकचे छोटे लायनर मागच्या डिस्कच्या मधल्या भागात असतात. नवीन डिस्कमध्ये त्यासाठी योग्य कडी आहे का, हे विचारल्याशिवाय मागची जोडी मागवू नका.

वापरलेल्या डिस्क स्वस्तात मिळाल्या तर जाडी मोजून समाधान मानू नका. हीच सर्वांत महागात पडणारी चूक. बिडाची डिस्क झिजते तेव्हा पातळ होते. सिरॅमिक डिस्कमधला कार्बन सतत फार तापल्याने जळून जातो, जाडी जवळपास तीच राहते आणि आतून डिस्क पोकळ होत जाते. म्हणून अशा डिस्कवर किमान वजन कोरलेलं असतं. डिस्क धुऊन, पूर्ण कोरडी करून, ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर ठेवा. वजन त्या आकड्याजवळ आलं असेल तर ती डिस्क संपलेली आहे, दिसायला कितीही छान असो. विकणारा वजन करू देत नसेल तर व्यवहार तिथेच सोडा.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर मर्यादा आहेत. कंपनीच्या यादीतला पर्याय असला तरी बिल जपा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

बसवताना

सिरॅमिक डिस्क उष्णतेला भीत नाही, ठोक्याला भिते. कडेला एक ठोका बसला की तुकडा उडतो. चाक काढताना किंवा चढवताना रिम डिस्कवर आपटतं, तेव्हा बहुतेक वेळा असंच होतं. हबला लावायच्या लांब मार्गदर्शक पिना मिळतात. त्यांच्यावरून चाक सरळ आत सरकवता येतं. पंक्चरवाल्याकडे चाक काढलं जाणार असेल तेव्हा सोबत उभे राहा, आणि त्या पिना गाडीतच ठेवा.

डिस्क बसवण्याआधी हब लख्ख करा. खारवलेल्या हबवर गंजाचा पापुद्रा असतोच. तो तसाच ठेवून डिस्क बसवली की ती किंचित तिरकी बसते आणि काही दिवसांनी स्टिअरिंग थरथरायला लागतं. नट-बोल्ट टॉर्क पान्यानेच (ठरलेला जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळा. कंपनीने एकदाच वापरायला सांगितलेले बोल्ट परत वापरू नका. गंज लागू नये म्हणून जिथं तिथं ग्रीस फासण्याची सवय इथं चालत नाही. एकतर टॉर्क चुकतो, दुसरं म्हणजे पॅडला ग्रीस लागलं तर तो पॅड गेला. सांगितलेली पेस्ट, सांगितलेल्या जागी, एवढंच.

पॅड त्या डिस्कसाठी बनवलेलेच हवेत. बिडाच्या डिस्कचे पॅड सिरॅमिकवर चालवले तर पकडही नीट मिळत नाही आणि डिस्कचा पृष्ठभागही खराब होतो. नवीन जोडी एकमेकांना बसवून घ्यावी लागते. मध्यम वेगापासून, गाडी पूर्ण न थांबवता, जोर हळूहळू वाढवत ब्रेक लावायचे आणि मध्ये डिस्कला निवायला वेळ द्यायचा. किती वेळा आणि किती वेगाने, हे प्रत्येक उत्पादक वेगळं सांगतो, तेच पाळा. हे घाटात करू नका. कोरडा, मोकळा, सरळ रस्ता हवा आणि मागे गाडी नको. काही उत्पादक डिस्क आणि पॅड आधीच जुळवून देतात. महामार्गावर रहदारी असते, म्हणून शक्य असेल तर तसेच मागवा.

खारं वारं, पाऊस आणि वाळू

रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आंबोलीत त्याच्या दुपटीहून अधिक. अशा हवेत सर्वांत आधी बिघडतं ते ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि पाणी मिसळलं की कमी तापमानाला उकळतं. डॉट ४ प्रकारच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओलावा धरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. डॉट ५.१ चे हेच आकडे २६० आणि १८० आहेत. सिरॅमिक डिस्क बिडाच्या डिस्कपेक्षा जास्त तापू शकते. ती उष्णता पॅडमधून कॅलिपरपर्यंत आणि तिथून ऑइलपर्यंत जाते. ऑइल उकळलं की पेडल जमिनीला टेकतं, मग डिस्क कसलीही असो. किनाऱ्यावर वर्षातून एकदा, पाऊस सरल्यावर, ऑइल बदला. मिस्त्री ‘अजून चांगलं आहे’ म्हणाला तरी बदला. गाडीच्या पुस्तकात लिहिलेला प्रकारच भरा. सिलिकॉनचं डॉट ५ हे ५.१ पेक्षा पूर्ण वेगळं आहे आणि बाकीच्यांत मिसळत नाही.

मुसळधार पावसात डिस्कवर पाण्याचा थर राहतो आणि ब्रेक क्षणभर उशिरा धरतात. काही गाड्या डिस्क आपोआप कोरडी करतात. तुमची करत नसेल तर लांब पावसाळी प्रवासात अधूनमधून पेडलवर हलका पाय ठेवा, विशेषतः घाट सुरू होण्याआधी. गाडी धुतल्यानंतरही हेच. परशुराम घाटाच्या माथ्यावर पहिल्यांदा ब्रेक लावायची वेळ येऊ देऊ नका.

किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत गाडी नेणं बंद करा. पुळणीवरची खारी वाळू पॅड आणि डिस्कच्या मध्ये जाते, आणि मीठ कॅलिपरच्या सगळ्या सांध्यांत जाऊन बसतं. दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळच्या फेरीबोटीतून आलात तर त्याच दिवशी चाकांच्या आतून गोड्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशरची धार लांबून धरा, रबराच्या सीलवर जवळून मारू नका. आम्ल असलेला चाक धुण्याचा रसायनी फवारा वापरू नका. तो ॲल्युमिनिअमची टोपी आणि बोल्ट खातो. डिस्कची मधली टोपी ॲल्युमिनिअमची, तिला जोडणारे बोल्ट पोलादाचे; मिठाचं पाणी मध्ये आलं की या दोन धातूंमध्ये गंज जास्तच वेगाने चढतो. पावसाआधी आणि पावसानंतर चाक काढून हे सांधे डोळ्यांनी बघावेत.

पावसाळाभर गाडी मांगरात किंवा शेडमध्ये ठेवणार असाल तर धुऊन लगेच उभी करू नका. धुतल्यावर थोडी चालवून ब्रेक कोरडे करा, मग ठेवा. हँडब्रेक ओढून ठेवू नका, आतले लायनर चिकटतात. सपाट जागी गिअरमध्ये किंवा पी मध्ये ठेवा आणि चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा.

बिघाड ओळखताना

*पेडल मऊ लागतं किंवा दाबत गेल्यावर खाली जातं.* आधी ऑइलची पातळी आणि गळती बघा, मग ऑइल बदलून एअर काढा. बऱ्याच आधुनिक गाड्यांत एबीएस पंपातली एअर स्कॅनर जोडल्याशिवाय निघत नाही. तरीही पेडल खाली जात असेल तर मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑइल पुढे ढकलणारा भाग) संशयित आहे. अशी गाडी चालवत वर्कशॉपला नेऊ नका, टोचन करून न्या.

*ब्रेक लावल्यावर स्टिअरिंग थरथरतं.* बिडाच्या डिस्कचा नेहमीचा इलाज म्हणजे लेथवर चढवून घासून घेणं. सिरॅमिक डिस्क लेथवर कधीच चढवू नका. कारण बहुधा हबवरचा गंज असतो, किंवा डिस्कवर पॅडचा असमान थर बसलेला असतो. डायल गेज (फिरताना किती तिरकं जातं ते मोजणारं साधन) लावून हब आणि डिस्क दोन्ही तपासा. थर असेल तर पॅड पुन्हा नीट जुळवून घेतल्यावर बहुतेक वेळा प्रश्न सुटतो.

*गाडी एका बाजूला ओढते किंवा एक चाक जास्त तापतं.* कॅलिपरमधला पिस्टन किंवा पिन खाऱ्या गंजाने अडकली असेल. पॅडची झीज दोन्ही बाजूंना सारखी आहे का, ते बघा. एका बाजूचा पॅड जास्त खाल्लेला असेल तर दोष तिथेच सापडतो.

*सकाळी किंवा ओल्यात किंकाळी येते.* थंड आणि दमट हवेत थोडा आवाज या ब्रेकना असतोच. दोन-चार ब्रेकनंतर गेला तर काळजी नको. गाडी तापल्यावरही येत असेल तर पॅडच्या मागच्या पट्ट्या, स्प्रिंगा आणि पिना काढून स्वच्छ करा.

*अचानक पत्रा घासल्यासारखा आवाज.* जांभ्याच्या कच्च्या रस्त्यावरून आल्यावर हे हमखास होतं. डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात खडा अडकलेला असतो. मोकळ्या जागेत हळू मागे-पुढे करून बघा. नाही निघाला तर चाक काढा. पेचकस घालून उचकटू नका, डिस्कची कड उडेल.

*डिस्कवर बारीक रेषांचं जाळं दिसतं.* बऱ्याच सिरॅमिक डिस्कवर ते नवीन असल्यापासून असतं. घाबरायचं ते कडेचा तुकडा उडाला असेल किंवा भोकापासून कडेपर्यंत चीर गेली असेल तेव्हा. तुकडा किती मोठा चालतो याची मर्यादा उत्पादकाच्या पुस्तकात दिलेली असते. ती ओलांडली की डिस्क बदलायची, आणि बदलताना एकाच ॲक्सलच्या दोन्ही.

काढलेल्या मूळच्या बिडाच्या डिस्क आणि कॅलिपर भंगारात देऊ नका. सिरॅमिकचा सुटा भाग यायला आठवडे लागू शकतात, तोवर जुना संच चढवून गाडी चालवता येते. डिस्कला गंजरोधक तेल लावा, मेणकागदात आणि मग प्लास्टिकमध्ये गुंडाळा, जमिनीपासून उंच, घरात ठेवा. परत चढवताना हे तेल ब्रेक क्लीनरने पूर्ण काढा, आणि तेव्हा पॅडही बिडाचेच लावा.