शिबिरातलं भूत: विनोदी भयनाट्यासाठी पात्रनिवड
भयनाट्यात नटाला आधी खरोखर घाबरता आलं पाहिजे. हशा त्यातूनच येतो. म्हणून चाचणीला विनोदी उतारा देऊच नका. दोघांना तंबूत बसवा, मध्ये एकच टॉर्च, बाहेर पावलं वाजतायत. दोन मिनिटं द्या. पहिल्या मिनिटात ओरडायचं नाही. प्रेक्षकांकडे बघून हशा मागणारा गाळा. मग तोच प्रवेश दुप्पट वेगात करून घ्या, शब्द खाणारे लगेच उघडे पडतात.

किंकाळी तीनदा मारायला लावा. तिसरीला आवाज बसला तर ती घशातून येतेय. असा गळा प्रयोगांना टिकत नाही. शिबिरप्रमुखाला वय नको, जरब हवी. भुताची उंची दुय्यम, मुखवटा घालून एक मिनिट निश्चल उभं राहता येतं का ते बघा. मुखवट्यात घुसमटणारे बरेच निघतात, आणि ते रंगीत तालमीला कळून काय उपयोग?