व्हर्सिस 650 की टायगर स्पोर्ट 660? निवडताना या चुका टाळा

इंदूरमध्ये मोठी मोटरसायकल घ्यायचं ठरलं की चर्चा छप्पन दुकानवर पोहे खाताना सुरू होते: कुणाची पॉवर जास्त, कुणाची टाकी मोठी, कुणाचा आवाज भारी. आमच्याकडेही आठ महिने हेच चाललं. बायकोचं माहेर पुण्याचं. सेंधवा, धुळे, नाशिक करत जवळपास सहाशे किलोमीटरचा हा प्रवास आम्ही दोघं वर्षातून दोनदा तरी गाडीवर करतो. त्यासाठी कावासाकी व्हर्सिस 650 आणि ट्रायम्फ टायगर स्पोर्ट 660 या दोन गाड्या डोळ्यांसमोर होत्या. गाडी निवडताना आम्ही जवळजवळ सगळ्या चुका केल्या आणि काही वेळेत सुधारल्या. त्या इथे मांडतो आहे.

पॉवरचा आकडा पाहून भुलणं

भारतात 2022 मध्ये आलेली टायगर स्पोर्ट 81 पीएस (पॉवरचं एकक) देते, व्हर्सिस 66. कागदावर सामना इथेच संपतो. पण टायगरचे 81 पीएस मिळतात 10,250 आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला इतके फेरे घेत असताना. मागे माणूस आणि दोन्ही बाजूंना बॉक्स असताना तिथवर इंजिन कोण पिळतं? टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढ, पाहिला तर फरक बराच कमी होतो: टायगर 64 एनएम (न्यूटन-मीटर), 6,250 आरपीएमला, व्हर्सिस 61 एनएम, 7,000 ला. पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राचा 11.3 किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, पॉवरचं मोजमाप तिथे करावं. आपल्याला जायचं असतं ए.बी. रोडवर, म्हणजे आग्रा-मुंबई महामार्गावर, आणि चारपदरी महामार्गावर दुचाकीची कायदेशीर मर्यादा ताशी 80 आहे. खरी परीक्षा सेंधव्याजवळच्या बिजासन घाटात होते. पुढचा ट्रक पंचवीसच्या वेगाने चढत असतो, तुम्ही तिसऱ्या गिअरमध्ये, मागे बायको, आणि उजवीकडची लेन थोड्याच वेळासाठी मोकळी असते. त्या क्षणी गिअर न पाडता गाडी उचलते का, ते बघा. टायगरचं तीन सिलिंडरचं इंजिन इथे जास्त गुळगुळीत ओढतं, हे मला मान्य आहे. व्हर्सिसच्या दोन सिलिंडरना एक गिअर खाली लागतो, पण मग ती अडत नाही.

मॉडेलचं वर्षही पाहून घ्या. या लेखातले टायगरचे सगळे आकडे 2022 च्या गाडीचे आहेत. एका गाडीचे जुने आकडे आणि दुसरीचे नवे असे शेजारी मांडले, तर तुलना तिथेच बिघडते.

एकट्याने टेस्ट राइड घेणं

आमची सगळ्यात मोठी चूक ही. एका शोरूमने मला रिंग रोडवर दोन किलोमीटरची फेरी दिली. मी खूश होऊन परतलो आणि बायकोला म्हणालो, ‘‘हीच घेऊ.’’ ती म्हणाली, ‘‘मी अजून बसलेच नाहीये.’’ तिचं बरोबर होतं.

यामागे एक जुना अनुभव होता. माझ्या आधीच्या गाडीवर आम्ही पहिल्यांदा महेश्वरला गेलो, तेव्हा मागचं सस्पेन्शन मी एकट्याच्या वजनासाठी लावलेलं तसंच ठेवलं होतं. ए.बी. रोडवर काही जाणवलं नाही. धामनोदला वळून महेश्वरच्या रस्त्याला लागलो आणि प्रत्येक स्पीडब्रेकरवर मागून ‘धप्प’ आवाज यायला लागला. गाडी वळणात बाहेर पळत होती, पुढचं चाक हलकं वाटत होतं, आणि संध्याकाळी परतताना समोरचे लोक सारखे डिपर मारत होते. मागचा भाग खाली बसल्यामुळे हेडलाइट वर गेली होती. घरी पोहोचल्यावर बायकोला दोन दिवस कंबर सरळ करता आली नाही. गाडीत दोष काहीच नव्हता. प्रीलोड, म्हणजे मागच्या स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, वाढवायला हवा होता आणि तो मी वाढवला नव्हता.

म्हणून टेस्ट राइडला जाताना मोजपट्टी न्या. मागच्या एक्सलच्या सरळ वर, सीटखालच्या पॅनेलवर चिकटपट्टीची खूण करा. मागचं चाक अधांतरी असताना एक्सल ते खूण अंतर मोजा. मग दोघं बसा, हातात सामान असेल तर तेही घ्या, आणि तिसऱ्या माणसाला तेच अंतर पुन्हा मोजायला सांगा. दोन्हींतला फरक म्हणजे गाडी किती बसली. टायगरच्या मागच्या चाकाचा प्रवास, म्हणजे ते जास्तीत जास्त किती वर-खाली होतं, 150 मिलिमीटर आहे आणि व्हर्सिसचा 145. गाडी त्याच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे 45 ते 50 मिलिमीटर, बसली की ठीक. जास्त बसत असेल तर प्रीलोड वाढवा. दोन्ही गाड्यांना त्यासाठी हाताने फिरवायची घुंडी आहे, पाना लागत नाही. ती फिरवून पुन्हा मोजा. घुंडी शेवटपर्यंत फिरवूनही गाडी जास्तच बसत असेल, तर तुमच्या दोघांच्या वजनाला ती स्प्रिंग कमी पडते आहे. हे बुकिंगच्या आधी कळलेलं बरं.

मागे बसणाऱ्याला किमान चाळीस मिनिटं बसवा. दहा मिनिटांत सगळ्याच सीट छान वाटतात. गुडघे किती दुमडतात, फुटरेस्टवर पाय सरळ राहतो का, ब्रेक लागला की अंग पुढे घसरतं का, हे त्यांना हेल्मेट काढायच्या आत विचारा. घरी पोहोचून चहा झाला की उत्तर गोड होतं.

सीटची उंची नुसती वाचणं

टायगर 835 मिलिमीटर, व्हर्सिस 845. हा दहा मिलिमीटरचा फरक बुटाच्या तळव्यात जातो. सीट पुढे किती रुंद आहे यावर पाय टेकणं जास्त ठरतं. म्हणून टाकी फुल करून, उतारावर, मागे माणूस बसवून गाडी थांबवून बघा. एक पाय नीट टेकत असेल तर पुरे. पाय पोहोचत नाही म्हणून सीटचा फोम कापून घेऊ नका, लांबच्या प्रवासात तोच फोम कामाला येतो.

टाकीचा हिशेब

व्हर्सिसची टाकी 21 लिटर, टायगरची 17.2. लिटरला वीसचं अ‍ॅव्हरेज धरलं तर 420 आणि 344 किलोमीटर. फरक मोठा दिसतो, पण इंदूर ते धुळे पंपांची कमतरता नाही, आणि दोघं असलो की दर दीडशे किलोमीटरला आपण थांबतोच. मी टाकीला फार मार्क देत नाही. वजनाचं वेगळं आहे. व्हर्सिस 219 किलो, टायगर 206. या तेरा किलोंपैकी जेमतेम तीन किलो जास्तीच्या पेट्रोलचे. बाकीचे पार्किंगमधून गाडी मागे ढकलताना दररोज जाणवतात.

उंच दिसते म्हणून कुठेही जाईल, असं समजणं

दोन्ही गाड्या उंच आहेत, पण चाकं दोन्हींची 17 इंची आणि टायर डांबरी रस्त्याचे. मांडूच्या घाटात मजा आहे, जानापावच्या कच्च्या वाटेवर नाही. मागचा टायर टायगरला 180/55, व्हर्सिसला 160/60. दोन्हींचे भाव आधीच विचारून ठेवा, हा खर्च पुन्हा पुन्हा येतो.

डिसेंबरमध्ये चालवून मे महिन्याची गाडी घेणं

इंदूरच्या थंडीत कोणतंच इंजिन तापत नाही. शक्य असेल तर एप्रिल-मेमध्ये, भर दुपारी, पलासिया ते राजवाडा या गर्दीतून चालवा. फॅन लागला की गरम हवा मांडीवर येते की खाली निघून जाते, ते तिथेच कळतं.

हेल्मेट हलतं म्हणून गाडी नापसंत करणं

ऐंशीच्या वेगाला डोक्याभोवती हवा थडथडत असेल तर विंडस्क्रीन आणखी वर करण्याचा मोह होतो. बऱ्याचदा उलट करावं लागतं. मोकळ्या, सरळ रस्त्यावर शरीर किंचित वर उचलून बघा. हेल्मेट शांत झालं तर स्क्रीनच्या काठावरून येणारी घुसळलेली हवा तुमच्या डोक्यावर येते आहे, म्हणून स्क्रीन खाली घ्या. दोन्ही गाड्यांची स्क्रीन पान्याशिवाय वरखाली होते, त्यामुळे टेस्ट राइडमध्येच तपासा. मागे बसणाऱ्यालाही विचारा, कारण तुमच्या डोक्यावरून गेलेली हवा त्यांच्या तोंडावर येते.

फक्त गाडीची किंमत मोजणं

सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीच्या वरच्या गाड्यांवर 40 टक्के जीएसटी आहे, त्यामुळे जुन्या किमतींवर बजेट बांधू नका. सर्व्हिस सेंटरवर जाऊन थेट विचारा: क्लच लिव्हर, ब्रेक पॅड, एअर फिल्टर आणि चेन-स्प्रॉकेट आज तुमच्या शेल्फवर आहेत का? नसतील तर किती दिवसांत येतात? तोंडी उत्तरावर थांबू नका, शेल्फ दाखवायला सांगा.

आमच्याकडे निर्णय झाला तो बायकोच्या गुडघ्यांवरून. मला एकट्याला टायगरचं इंजिन जास्त आवडलं होतं, आजही आवडतं. पण दोन्हींवर मानपूरपर्यंत जाऊन आल्यावर ती म्हणाली, ‘‘व्हर्सिसवर मी पुण्यापर्यंत बसेन. दुसरीवर नाशिकला उतरेन.’’ तुमच्या मागे बसणारं माणूस कदाचित अगदी उलट सांगेल. आम्ही व्हर्सिस बुक केली, आणि डिलिव्हरीच्या दिवशी शोरूमच्या आवारातच दोघं बसून प्रीलोडची घुंडी लावून घेतली.